रकाना : दगड-माती

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन,
मुंबई.



गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावानं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. माहेरच्या वाड्याची घरपट्टीची पावती. खाली ओळ : ‘ताई, तुझ्या वाटणीचे दोनशे दहा पाठव, मी भरलेत.’ पैसे लगेच पाठवले, पण फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. मालमत्तेचं वर्णन लिहायच्या रकान्यात दोनच शब्द होते : दगड-माती.

त्यात चूक काही नाही. ग्रामपंचायतीच्या आकारणीत घरांच्या जाती ठरलेल्या असतात. झोपडी किंवा मातीचं घर, मग दगड-विटा-मातीचं, मग चुन्या-सिमेंटचं पक्कं, मग आरसीसी. या उतरंडीत आमचा वाडा खालून दुसरा. त्याला टेकून गेल्या वर्षी झालेलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर त्याच्या दोन पायऱ्या वर. सव्वादोनशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली वास्तू कागदावर जवळजवळ कच्ची आणि कालची पक्की. हसू आलं, मग हसू जिरलं, आणि मग तुम्हाला लिहायला बसले.

पत्र उघडं लिहितेय, कारण अशी घरं एकट्या आमची नाहीत. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, शेवगाव, कुठल्याही रस्त्यानं जा, गावात शिरताना एक पडका बुरूज, एक वाकलेली कमान आणि आत उगवलेला पिंपळ दिसतो. त्यांच्या मालकांनीही हे वाचावं. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. गावठाणाच्या मोजणीनंतर आलेल्या आमच्या मिळकत पत्रिकेवर एकतीस नावं आहेत आणि वाड्याचं काय करावं याबद्दल बत्तीस मतं. पारनेर तालुका, एवढं पुरे.

वाडा म्हटलं की लोकांना दिंडी दरवाजा आठवतो. मला माळवद आठवतं.

मे सरत आला, रोहिण्या निघाल्या, की आमच्या घरावर माती चढायची. गावाच्या कडेला जुन्या गढीचं टेकाड आहे, तिथली पांढरी माती. शेतातली काळी चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पांढरी बारीक, खारट, चिकट. पाण्याचा पहिला शिपका बसला की मिटून जाते. बेलदारांच्या गाढवांवरून गोण्या यायच्या, वर ओतल्या जायच्या, फावड्यानं सारख्या व्हायच्या, आणि मग बायका ओळीनं बसून चोपण्यानं ती माती चोपायच्या. उतार सगळा पन्हळीकडं. उजेडाच्या झरोक्याभोवती वीतभर उंचवटा. संध्याकाळी सगळं झालं की आजी शिडीवरून वर यायची, पायातल्या वहाणा खाली काढून. माळवदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालायची. जिथं टाच रुतली तिथं काही न बोलता नुसतं बोट दाखवायची. तेवढी जागा पुन्हा चोपायची.

या मातीखाली काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचकांसाठी लिहिते. खाली सागाचे खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण म्हणजे चिरलेल्या लाकडाच्या चिपा, त्यावर वाळवी लागू नये म्हणून तरवडाचा नाहीतर लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर ही पांढरी. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आमचा वाडा कुणी चौरस फुटांत मोजला नव्हता. बावीस खणांचा वाडा, इतकंच सगळे म्हणायचे. मृगाच्या पहिल्या रात्री घरातलं कुणी झोपत नसे. थेंब पडला की अंधारातच कुणीतरी सांगायचं, ‘तिसरा खण, देवघराकडनं दुसरी कडी.’ तिथं घंगाळ लागायचं आणि सकाळी ओंजळभर माती घेऊन एखादं पोर वर जायचं. जागेचे इतके नेमके पत्ते मी पुढं शहरातल्या कुठल्याही घरात ऐकले नाहीत.

आपल्या जिल्ह्याचा बराच भाग पावसाच्या सावलीतला. अकोल्याकडं, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, उतरतं कौलारूच हवं. तिथल्या पावसात माळवद आठवडाभरही टिकायचं नाही. इकडं पाऊस कमी, ऊन जास्त, म्हणून डोक्यावर मातीचा जाड थर. बाहेर डोळे दिपत असले तरी माजघरात पाऊल टाकलं की अंगावर थंड ओला हात फिरल्यासारखं वाटायचं. ही अक्कल कुठल्या सरदाराची नव्हती, या मुलखाची होती. गरिबाचं दोन खणांचं घर आणि आमचं बावीस खणांचं घर यांत फरक खणांच्या संख्येचा, कृतीचा नाही.

वाडा कुणी बांधला, असं विचाराल तर आमच्यातला कुणीही छाती पुढं काढून सांगेल : मूळ पुरुष शिंद्या-होळकरांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेला, कमाई घेऊन परत आला, वाडा बांधला. ही कथा नगर जिल्ह्यात गावोगाव ऐकू येते आणि काही गावांत ती खरीही आहे. आमच्याच तालुक्यातलं पळशी घ्या. होळकरांची दिवाणगिरी केलेल्या पळशीकरांचं हे गाव. अख्ख्या गावाला तट, तटाला दरवाजे, आत कोरीव लाकूडकामाचा वाडा, शिवाय विठ्ठलाचं दगडी देऊळ. माळव्यात मिळवलेलं पारनेरच्या माळावर आणून लावलेलं. इंदुरात आजही पळशीकर कॉलनी नावाची वस्ती आहे. तिथं राहणाऱ्यांना पळशी कुठं आली हे ठाऊक असेलच असं नाही. मी पहिल्यांदा पळशीला गेले ती शाळेच्या सहलीबरोबर, शिक्षिका म्हणून. मुलं देवळात शिरली, मी वाड्याच्या खांबांजवळ रेंगाळले. खांबाच्या कोरीव कामावर धूळ होती, पण माणसाचा हात पोचतो तेवढ्या उंचीवर धूळ नव्हती. तिथं लाकूड तेल लावल्यासारखं काळं चकचकीत होतं. पिढ्यानपिढ्या आत-बाहेर करताना ज्यांनी ज्यांनी खांबाला हात टेकला, त्यांचं ते काम.

जामगाव त्याच तालुक्यात. तिथं महादजी शिंद्यांचा वाडा. 1772 साली शहाआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत नेऊन बसवणारा हा माणूस. त्याचा जामगावचा वाडा पुढं रयत शिक्षण संस्थेकडं गेला आणि तिथं शिक्षक घडवायचे वर्ग भरले. मला हे फार आवडतं. वाड्याचा पुनर्जन्म शाळेत व्हावा, यासारखी गोष्ट नाही. फक्त शाळेला वाड्याच्या पायऱ्यांची उंची सोसावी लागते. उत्तरेला कोपरगावात राघोबादादांचा वाडा. सालबाईच्या तहानंतर पेशवाईचं सगळं राजकारण हरून ते तिथं राहायला आले आणि 1783 च्या डिसेंबरात तिथंच वारले. हरलेल्या माणसानं शेवटचे महिने कुठल्या ओसरीवर बसून गोदावरी पाहिली असेल, असं तिथं गेलं की मनात येतं.

या वाड्यांना निदान नाव आहे. एखाद्या पुस्तकात ओळ आहे, सुट्टीत येणारे गिर्यारोहक फोटो काढतात. आमच्यासारख्या बिननावाच्या वाड्यांचं काय, हा माझा प्रश्न. बांधणाऱ्यानं एकदा बांधला आणि तो निघून गेला. त्यानंतर दरवर्षी कुणीतरी माती चढवली म्हणून तो उभा राहिला. आमच्या घराण्याची वंशावळ एका ताम्हनाएवढ्या कागदावर लिहिलेली आहे, झाडाच्या आकारात, नावं फळांसारखी लटकलेली. त्यात एकही बाई नाही. टाचेनं माळवद तपासणारी तर नाहीच नाही.

आणि एक गोष्ट गाळली तर हे पत्र खोटं ठरेल. त्याच वाड्याच्या देवडीशी काही माणसं थांबायची. ज्यांनी दगड घडवला, ज्यांनी माती वाहिली, ज्यांच्या बायकांनी ती चोपली, त्यांतल्या काही घरांना शिडीवरून माळवदावर चढायची मुभा होती, पण ओसरीवर पाऊल टाकायची नव्हती. डोक्यावर चालतील, घरात नाही. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतलं जाई, आणि ओतणारा हात माझ्या आजीचाच. मला ते फार उशिरा, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकल्यावर दिसलं. उद्या तुमच्या खात्याचं कुणी आमच्या वाड्याचा नकाशा काढायला आलं, तर त्यानं भिंती आणि खांब काढावेतच, पण ती रेघही काढावी : कोण कुठपर्यंत येत असे. आता ती रेघ जमिनीवर दिसत नाही. सांगणारी माणसं आहेत तोवर कागदावर येईल.

पुढची हकिकत भराभर. आजोबांच्या काळात जमीन कुळांकडं गेली, 1962 च्या कायद्यानं पाटीलकी गेली. चांगलंच झालं, असं म्हणणारी मी घरातली पहिली. वडील नगरला नोकरीला लागले, आम्ही सुट्टीपुरते गावाकडचे झालो. मग 1972 चा दुष्काळ आला.

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. आमच्या भिंतीत बळदं होती, धान्याची, वरून भरायची आणि खालच्या तोंडातून काढायची. खालच्या तोंडाशी हात घातला तर नुसती धूळ यायची. गाव सडकेच्या कामावर खडी फोडत होतं. गोठ्यात बैल उभे होते आणि वैरण संपली होती. आजोबांनी मागच्या चौकातल्या सहा खणांच्या तुळया आणि खांब काढून लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले. आजी दोन दिवस जेवली नाही. आजोबा म्हणाले, ‘लाकूड परत घेता येईल. बैल गेला तर शेत गेलं.’ बैल जगले. लाकूड काही परत घेता आलं नाही. तरीही आजोबांचा निर्णय मला आज पटतो, आणि वाड्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्या सहा खणांच्या रिकाम्या जागेसाठी मी सर्वांत मोठं प्रकरण राखून ठेवीन.

त्या लाकडाची गाठ मला पुन्हा पडली. बारा-तेरा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी पुण्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये उतरलो होतो. स्वागतकक्षात मधोमध, पॉलिश करून, पितळी कुंडी शेजारी ठेवून एक खांब उभा केलेला. नुसता खांब, वर तुळई नाही, काही पेलत नव्हता. चौरस बूड, वर कमळाच्या पाकळ्या. असे खांब शेकडो असतील, हे मला कळतं. पण त्याच्या एका अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर, बोटाच्या पेराएवढा जळका डाग होता. एका दिवाळीत मी फुलबाजी खांबाला टेकवून ठेवली होती आणि त्यापायी मार खाल्ला होता. मी खाली वाकून डागावर बोट ठेवलं. बोट तेव्हाचं राहिलं नव्हतं, डाग तेवढाच होता. काउंटरवरचा मुलगा आदबीनं म्हणाला, ‘मॅडम, राजस्थानी पीस आहे. दोनशे वर्षं जुना.’ निम्मं बरोबर होतं त्याचं.

तो खांब माझाच, अशी शपथ मी कोर्टात घेणार नाही. पण आपल्या मुलखातले दरवाजे, महिरपी, हस्त, कडीपाट असेच ट्रकमध्ये चढतात. कुठून निघाले याची नोंद कुठंच राहत नाही. मूर्ती हलली तर निदान आरडाओरडा होतो. खांब हलला तर ते भंगार.

मग किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिवकडं हजारो माणसं आपापल्या घरातल्या दगड-मातीखाली गेली. टीव्हीवर ती गावं पाहिली आणि आमच्याकडंही माळवदाखाली झोपायची लोकांना भीती वाटू लागली. वडिलांनी त्याच दिवाळीत पुढच्या सात खणांवरची माती उतरवली, किलचण काढली आणि वर पत्रे टाकले. त्यांना दोष देता येत नाही. रात्री नातवंडं त्याच छताखाली झोपत होती. पण तेव्हा एखाद्या जाणकारानं येऊन इतकंच सांगितलं असतं तरी पुरे होतं, की तुमच्या घराचं छत भिंतींवर नाही, सागाच्या खांबांवर आहे. भिंत बाहेर कलंडली तरी सांगाडा तगू शकतो. वर्षानुवर्षं मातीवर माती चढून फुटा-दीड फुटाचा थर झालाय तो कमी करा. भिंतीला आरपार जाणारे दगड बसवा. असं सांगणारं कुणी आलं नाही. पत्र्याखाली एप्रिलमध्ये माणूस बसेना. पाहुणे दुपारी थांबेनात. चुलतभावानं वेगळी चूल मांडली, दुसऱ्यानं रस्त्याकडेला स्लॅब टाकला. वाडा पडायच्या आधी असा रिकामा होतो, आणि रिकामा झाला की पाऊस हिंमत करतो. एका चुलत्यानं उरलेल्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, शोभेसाठी. भिंतीतली ओल आतच कोंडली. चार पावसाळ्यांत भिंतीचं पोट सुटलं आणि पाचव्यात ती चौकात येऊन बसली.

हा सगळा इतिहास मी लेक म्हणून सांगतेय, आणि लेकीला तो सांगायचा अधिकार फार जुना नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठं मुलींची नावं वडिलोपार्जित मिळकतीला लागू लागली. माझ्यासमोरही एक हक्कसोडपत्र ठेवलं होतं, पेनाचं टोपण काढून. मी सही केली नाही. भाऊ तेव्हा वर्षभर बोलला नाही. आता तोच घरपट्टी भरून मला दोनशे दहा रुपये मागतो, आणि मला त्यात भाऊबिजेइतका आनंद होतो. बहिणींची नावं चढली म्हणून वाटण्या वाढल्या आणि वाडे मोडले, असं काही शहाणे म्हणतात. आमच्याकडं उलट झालं. भाऊबंद विकायला निघाले होते, अडले ते आम्हा तीन बहिणींच्या सह्यांपाशी.

आता तुमच्या खात्याकडं येते.

या जिल्ह्यानं तुमच्या शास्त्राला काय दिलंय हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचं नाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळालं. नेवाशाला हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 पासून उत्खनन केलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस मिळाले. हे सारं प्रवरेच्या काठचं. या ठिकाणी घरांच्या जमिनी सापडल्या, चुली सापडल्या, आणि घरातल्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा आईनं गेलेलं मूल घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

आणि आमची पांढरी माती? ती कुठून यायची? जुन्या वस्तीचं टेकाड, पांढरीचं टेकाड, म्हणजे पिढ्यानपिढ्या पडलेल्या घरांचीच माती. गाव उठलं, भिंती विरघळल्या, राख-शेण-चुना मिसळून ती पांढरी झाली आणि आम्ही ती गोण्यांत भरून आमच्या डोक्यावर घेतली. आजीला चोपताना त्यात कधी रंगीत खापर मिळे, कधी काचेच्या बांगडीचा तुकडा. ती देवघराबाहेरच्या कोनाड्यात ते ठेवून द्यायची, ‘कुणाचं तरी असंल’ म्हणून. आम्ही तुमचा पुरावा दरवर्षी उकरत होतो, हे मला नोकरीला लागल्यावर एका व्याख्यानात कळलं, आणि घशाला कोरड पडली. गुन्हा कबूल आहे. पण बघा, घर कशाचं बनलं होतं : आधीच्या घरांचं. ते टेकाड झालं की तुमच्या खात्याला हवंहवंसं वाटतं. उभं असताना त्याला रकाना नाही.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. 31 मे 1725 रोजी चौंडीत, माणकोजी शिंद्यांच्या घरी जन्मलेल्या लेकीचं नाव. माझ्या माहितीत एवढ्या मोठ्या, चौदा तालुक्यांच्या जिल्ह्याला माहेरवाशिणीचं नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. 6 मे 2025 ला राज्याचं मंत्रिमंडळ चौंडीला बसलं आणि तिथल्या स्मृतिस्थळासाठी 681 कोटींचा आराखडा मंजूर झाला. बाईंचं स्मारक भव्य व्हावं, मला आनंदच आहे. फक्त एक सांगते. महेश्वरला त्यांचा राहता वाडा मी पाहिला आहे. लाकडी खांब, चौक, साधी बैठक. आमच्या इकडच्या एखाद्या बऱ्या वाड्यातून थेट तिथं पाय ठेवला तर परकं वाटणार नाही, इतका तो आपला आहे. गळा दाटतो तो त्या साधेपणानं. त्याच किल्ल्यात होळकरांच्या पुढच्या पिढीनं पाहुण्यांसाठी निवास चालवला, विणकरांना हातमाग मिळवून दिले, आणि दगडांना चूल मिळाली. गोव्यात चांदोरला मिनेझिस ब्रागांझांचं घर आहे. घराण्याच्या दोन शाखा, घराचे दोन भाग, दोन्हीकडं माणसं राहतात, पाहायला येणाऱ्यांकडून देणगी घेतात आणि त्यातून छत शाकारतात. तिथल्या भाऊबंदकीबद्दल मला काही ठाऊक नाही, पण असणारच. घर तरीही उभं आहे.

तुमच्याकडं मी पैसे मागत नाही. खरं तर थोडे मागेन, पण शेवटी.

आधी मापं हवीत. आमच्या विद्यापीठांतून वास्तुकलेची मुलं दरवर्षी कुठंतरी अभ्यासाला जातात. त्यांना एका उन्हाळ्यात एका तालुक्यात पाठवा. वाड्याचे खण मोजा, लाकडाचे सांधे काढा, आणि त्याच वहीत म्हातारी माणसं काय सांगतात ते लिहा. वाडा उद्या पडला तरी कागद उरेल, आणि खांब ट्रकमध्ये चढला तर तो कुठला हे कुणी तरी सांगू शकेल.

दुसरं, लोक तुमच्या खात्याला भितात. ‘पुरातत्त्ववाल्यांनी पाटी लावली की घर आपलं राहत नाही, खिळा ठोकायलाही परवानगी,’ ही आमच्या पारावरची समजूत. म्हणून दाराशी गाडी थांबायच्या आत कोरीव महिरप काढून ठेवणारे आहेत. पण 1960 च्या राज्याच्या कायद्यातच मालकाशी करार करून, मालकी त्याच्याकडं ठेवून जतन करायची वाट आहे. ती वाट गावसभेत येऊन कुणी समजावून सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सरकारी मराठीत नको; ‘तुम्ही राहा, स्वयंपाक करा, लग्नं लावा, फक्त एवढं मोडू नका आणि एवढं आम्ही करू,’ अशा भाषेत. एकतीस सह्या लागतील हे मला माहीत आहे. अठ्ठावीस मी आणते. उरलेल्या तिघांसाठी तुमच्याकडचा एखादा गोड बोलणारा माणूस द्या.

तिसरं गवंड्यांचं. माळवद घालणारी शेवटची जोडी आमच्या गावात आहे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. चुन्याच्या घाणीला बैल जुंपलेला पाहिलेला माणूस आता शोधावा लागतो. त्यांच्या हाताखाली चार पोरं द्या आणि त्या पोरांना रोज द्या. मघाशी म्हटलं ते थोडे पैसे हे.

आणि तो रकाना. घरपट्टीचा नमुना तुमच्या खात्याचा नाही, मला कळतं. पण ज्यांचा आहे त्यांना तुम्ही पत्र पाठवू शकता, आणि तुमच्या पत्राला जावक क्रमांक असतो, माझ्या पत्राला नसतो. ‘दगड-माती’च्या पुढं कंसात आणखी दोन शब्द मावतील एवढी जागा पावतीवर आहे. मी मोजली.

येणार असाल तर रोहिणीत या. मागचे नऊ खण अजून माळवदाखाली आहेत. पांढरीला आता हात लावत नाही. भाऊ ओढ्याकाठची माती चाळून त्यात थोडा चुना मिसळून बघतोय, मागच्या पावसाळ्यात दोनच ठिकाणी गळलं. संध्याकाळी चोपणं झालं की वर मी जाते. चपला खाली काढते. गुडघे कुरकुरतात, शिडीची वरून तिसरी पायरी सैल आहे, तिच्यावर भार देऊ नका. गेल्या साली टाच रुतली ती जागा सातव्या खणात, बळदाच्या बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या कडीच्या मधे.

आपली,
एक माहेरवाशीण
तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर